डावा अंगठा कुठं टेकतो?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं, की व्हिडिओ गेम खेळायला सगळ्यांना चालेल असा एकच चांगला कंट्रोलर, म्हणजे पॅड, नसतो. सोलापुरातल्या माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेला पॅड उघडला, की कुठलं रबर झिजलंय आणि कुठलं कोरं राहिलंय यावरून तो कुणाच्या हातातला आहे ते कळतं, असंही लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ कंट्रोलरलाच दिला आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : ताई, लॅपटॉपसाठी पहिलाच पॅड घ्यायचाय. होस्टेलवर दोन तट पडलेत, एक एक्सबॉक्सवाल्यांचा आणि एक प्लेस्टेशनवाल्यांचा. मी फुटबॉल आणि ‘एल्डन रिंग’ खेळतो. कुणाचं ऐकू?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, इचलकरंजी)

उत्तर : आधी स्वतःच्या अंगठ्याचं ऐक. दुकानात दोन्ही पॅड मागून घे. पकड घे, बोटं सैल सोड आणि डावा अंगठा आपसूक कुठं टेकतो ते बघ. एक्सबॉक्सच्या पॅडवर त्या जागी स्टिक असते, म्हणजे अंगठ्यानं सगळीकडं कलवता येणारी छोटी दांडी. प्लेस्टेशनच्या पॅडवर तिथं डी-पॅड असतो, म्हणजे ते अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण. तिथल्या स्टिकवर जायला अंगठा खाली आणि आत वळवावा लागतो.

याचं कारण जुनं आहे. १९९४ साली जपानमध्ये प्लेस्टेशन आलं, तेव्हा त्याच्या पॅडला स्टिक नव्हतीच. अंगठ्याची मुख्य जागा डी-पॅडची होती. मग त्रिमितीय गेम वाढले, कॅमेरा फिरवायची गरज पडली आणि १९९७ मध्ये त्याच पॅडच्या खालच्या मोकळ्या जागेत दोन स्टिका बसवल्या. ती मांडणी आजतागायत तशीच चालत आली आहे. एक्सबॉक्स आलं २००१ मध्ये. तोवर स्टिकशिवाय चालत नाही हे सगळ्यांना कळलेलं होतं, म्हणून त्यांनी पहिल्यापासूनच डावी स्टिक वर आणि डी-पॅड खाली ठेवला. त्यांचा पहिला पॅड अवाढव्य होता, ‘ड्यूक’ या टोपणनावानं तो ओळखला जातो. जपानसाठी केलेला छोटा पॅडच पुढं सगळीकडं रूढ झाला.

तुझ्या दोन्ही गेममध्ये डावी स्टिक सतत चालते. त्या हिशेबानं तुझ्यासाठी एक्सबॉक्सची मांडणी. पण मी स्वतः प्लेस्टेशनचा पॅड वापरते, आणि तेही तितक्याच ठामपणे. माझा तळहात लहान आहे. मला पॅड आतपर्यंत धरावा लागतो, त्यामुळं माझे दोन्ही अंगठे मध्याकडं झुकलेले असतात. उजवी स्टिक तर दोन्ही पॅडवर खालीच असते. प्लेस्टेशनवर माझे दोन्ही अंगठे एकाच कोनात वळतात, एक्सबॉक्सवर एक ताठ आणि एक वाकडा राहतो. तासाभरानं मला तो फरक मनगटापर्यंत जाणवतो. लांब बोटांच्या माणसाला तो जाणवणारही नाही. म्हणून होस्टेलवर ज्याचा हात तुझ्या हाताएवढा आहे, त्याचा पॅड एक संध्याकाळ मागून घे. बाकीच्यांची मतं ऐकून सोडून दे.

आता तुझ्या गेमबद्दल. फुटबॉलमध्ये धावायला उजवा ट्रिगर, म्हणजे पॅडच्या पुढच्या कडेचं तर्जनीखालचं बटण, दाबून धरावा लागतो. तो हलका असला पाहिजे आणि तर्जनीचं पहिलं पेर त्यावर नीट बसलं पाहिजे. ‘एल्डन रिंग’ची अडचण वेगळी आहे. तिथं पळायला एक्सबॉक्सच्या पॅडवर बी नावाचं आणि प्लेस्टेशनच्या पॅडवर गोलाचं बटण दाबून धरायचं असतं, आणि कॅमेरा असतो उजव्या स्टिकवर. दोन्ही कामं उजव्याच अंगठ्याची. पळताना मागं बघायचं तर करायचं काय? काही जण तर्जनी वाकवून वरून बटणावर आणतात आणि अंगठा स्टिकवर ठेवतात. याला क्लॉ पकड म्हणतात. तरुण बोटांना ती जमते, पण मी ती कुणाला शिकवणार नाही. त्यापेक्षा पाठीमागं दोन जादा बटणं असलेला पॅड घे आणि पळण्याचं बटण मधल्या बोटाखाली आण. अशी बटणं आता स्वस्तातल्या पॅडलाही येतात. माझ्या मते तुझ्यासाठी ही गोष्ट कंपनीच्या नावापेक्षा मोठी आहे.

एक्सबॉक्सचा पॅड विंडोजवर लावला की लगेच चालतो. प्लेस्टेशनचा पॅड स्टीममधून (गेम विकत घेऊन चालवायचं सॉफ्टवेअर) उत्तम चालतो, पण पुष्कळ गेम पडद्यावर एक्सबॉक्सच्या ए-बी-एक्स-वाय बटणांचीच चित्रं दाखवतात. एक्सबॉक्सच्या साध्या पॅडमध्ये दोन पेन्सिल सेल लागतात. तो घेतलास तर चार्ज होणारे सेल घे.

प्रश्न : नव्वदच्या दशकात भावाबरोबर टीव्ही गेमवर ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’ खूप खेळले. आता मुलानं तेच गेम नव्या कन्सोलवर लावून दिले, पण त्या गोल दांडीनं मला काही जमत नाही. मुलगा म्हणतो, आई, सवय होईल. खरंच होईल का? की माझं वय झालं?
(शिक्षिका, डोंबिवली)

उत्तर : वयाचा काही संबंध नाही. ते गेम त्या दांडीसाठी केलेलेच नाहीत. मुलाला सांगा, की तुमचा हात बरोबर सांगतोय.

आपल्याकडं घरोघरी आलेली ती यंत्रं म्हणजे निंटेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या पॅडला आम्ही रिमोट म्हणायचो, तुम्हीही म्हणत असाल. त्यावरचं ते अधिकाच्या आकाराचं बटण (डी-पॅड) निंटेंडोच्याच गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’च्या हातात मावणाऱ्या छोट्या गेमसाठी आणलं. त्याची रचना मला आजही सुंदर वाटते. प्लॅस्टिकचा एकच अखंड तुकडा, मधोमध टेकू आणि खाली रबराच्या चार टोप्या. उजवी बाजू दाबली की डावी उचलली जाते, म्हणून डावं-उजवं एकदम लागतच नाही. दिशा उलटवायची तर अंगठा उचलायला नको, जागच्या जागी कलवला की झालं. स्टिकला मात्र तेवढ्यासाठी मधून पलीकडं जावं लागतं. ‘मारिओ’मध्ये कड्यावर थबकायला तेवढा उशीर पुरतो.

‘कॉन्ट्रा’त तर आणखी. खाली दाबलं की माणूस आडवा पडतो आणि गोळी वरून जाते. स्टिक खाली ओढताना जराशी तिरकी गेली, की तो पडायच्या ऐवजी गोळीत चालत जातो. तुम्ही वाकून वाचायचात, आता मरताय, ते यामुळं.

तेव्हा डी-पॅडवर या. पण सगळे डी-पॅड सारखे नसतात. घ्यायच्या आधी एक परीक्षा करा. बटण उजवीकडं दाबून धरा आणि अंगठा तसाच वर-खाली किंचित घासा. पडद्यावरचा माणूस त्यानं उडी मारायला किंवा वाकायला लागला, तर तो डी-पॅड सैल आहे. आपल्या जुन्या रिमोटमध्ये मधला टेकू झिजला की हेच व्हायचं. निंटेंडोच्या १९९० च्या सुपर फॅमिकॉमच्या पॅडसारख्या आकाराचे, हाताला मुठी नसलेले चपटे बिनतारी पॅड मिळतात. एटबिटडो ही कंपनी त्यासाठी ओळखली जाते. मला त्यांचा डी-पॅड आवडतो.

आणखी एक काम मुलाकडून करून घ्या. जुन्या रिमोटवर बी डावीकडं आणि ए उजवीकडं, दोन्ही शेजारी असायचे. पळताना बी दाबून धरायचा आणि अंगठा तसाच आडवा ठेवून त्याच्या सांध्यानं ए वर उडी मारायची. तुमच्या अंगठ्यात ती हालचाल अजून असणार. नव्या पॅडवर चार बटणं चौकटाच्या आकारात असतात. पळणं डावीकडच्या बटणावर आणि उडी खालच्या बटणावर लावून घ्या. अंगठा पुन्हा तसाच आडवा बसेल. उजवं आणि खालचं अशी जोडी लावली तर तो बसणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की आपलंच काहीतरी बिनसलंय.

प्रश्न : माझ्या पॅडची डावी स्टिक सोडली तरी गेममधला माणूस आपोआप पुढं चालतो. नवीन घेऊ का? मित्र म्हणतो ‘हॉल इफेक्ट’वालाच घे.
(नाशिक)

उत्तर : लगेच नका घेऊ. स्टिकच्या खाली दोन बारीक व्हेरिएबल रेझिस्टर असतात, एक आडव्या दिशेचा आणि एक उभ्या दिशेचा. आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. पट्टी झिजली किंवा धूळ बसली, की स्टिक मध्यावर असूनही यंत्राला ती थोडी पुढं ढकलल्यासारखी वाटते. आधी गेमच्या किंवा स्टीमच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल जिथं मोजलीच जात नाही तो भाग, थोडा वाढवून बघा. त्यानं भागलं तर खर्च वाचला. नाही भागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून काही दिवस निघतात. त्यानंतर मात्र स्टिकचा भागच बदलावा लागतो. त्याला चौदा ठिकाणी सोल्डरचा डाग असतो. घरी पहिल्यांदाच सोल्डरिंग गन हातात घेऊन तिथं जाऊ नका, बोर्डाचे ट्रॅक उखडतात.

हॉलवाल्या स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर असतो. एकमेकांवर घासणारं काही नसतं, म्हणून ही झीज होत नाही. सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या पॅडमध्ये १९९८ सालीच ही पद्धत होती. मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. अंगठ्याला कळतो तो स्प्रिंगचा ताण. कुठं सैल, कुठं घट्ट, मध्यावर परत येताना किती झटका. माझ्याकडून हॉल बसवून घेतलेले काही जण नेम धरण्याचे गेम खेळतात आणि परत येऊन म्हणतात, टिकतंय छान, पण जुनी स्टिक हाताला गोड होती. मी त्यांचं म्हणणं खरं मानते. तुम्ही हॉलवाला पॅड घ्याच, पण आधी अंगठ्यानं हळूहळू गोल फिरवून बघा आणि मग पैसे द्या.

आणि नेमबाजीच्या गेममध्ये धावायला डावी स्टिक आत दाबायची सवय असेल तर ते काम दुसऱ्या बटणावर हलवा. एकीकडं ढकलायचं आणि त्याच वेळी खाली दाबायचं, यानं स्टिक लवकर जाते. माझ्याकडं येणाऱ्या पॅडमध्ये हे रोज दिसतं.

प्रश्न : आम्ही टोकियोत राहतो. इथंच घेतलेल्या पीएस ४ वर (प्लेस्टेशन ४) ‘हो’ म्हणायचं बटण म्हणजे गोल, नंतर घेतलेल्या पीएस ५ वर ‘हो’ म्हणजे फुली. मुलीच्या निंटेंडो स्विचवर ‘हो’ उजवीकडं. घरात सगळ्यांचे हात चुकतात.

उत्तर : जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक. शाळेच्या वहीतसुद्धा तसंच. प्लेस्टेशनचे रचनाकार तेइयू गोतो यांनी बटणांवरची ही चिन्हं ठरवताना तोच अर्थ धरला होता. त्रिकोण म्हणजे बघण्याची दिशा आणि चौकोन म्हणजे कागद, हेही त्यांचंच. बाहेरच्या देशांत ‘हो’साठी फुली रूढ झाली आणि २०२० मध्ये पीएस ५ आल्यावर जपानलाही तीच लावली. मला हे आवडलं नाही. इतक्या लोकांच्या बोटांतली पंचवीस वर्षांची सवय एका कंपनीनं अशी पुसायला नको होती.

तुमच्या घरात पीएस ४ आणि स्विच या दोन्हींवर ‘हो’ उजवीकडंच आहे, वेगळा पीएस ५ एकटा. स्विच हातात वेगळाच लागतो, त्यामुळं तिथं फारसं चुकत नसणार. घोळ होत असेल तो दोन प्लेस्टेशनमध्ये, कारण पॅड जवळपास सारखे. दोन्हींच्या सुगम्यतेच्या (ॲक्सेसिबिलिटी) सेटिंगमध्ये बटणं अदलाबदल करता येतात. पण ती अदलाबदल गेममध्येही लागू होते, म्हणजे उडी आणि वारही बदलतात. म्हणून गोष्टीचे, वाचत-वाचत खेळायचे गेम असतील तेव्हा ती चालू ठेवा आणि मारामारीच्या गेमला बंद करा.

प्रश्न : नवरा कॅमेरा उलटा लावून खेळतो. स्टिक खाली ओढली की त्याला वर दिसतं. मी सुलटा लावते. प्रत्येक वेळी सेटिंग बदलावं लागतं आणि तो म्हणतो माझीच पद्धत चुकीची.
(पुणे)

उत्तर : त्यांना विचारा, सुरुवातीला विमानाचे गेम खेळलात का? विमानात दांडा आपल्याकडं ओढला की नाक वर जातं. ज्यांचा हात त्यावर तयार झाला, त्यांच्यासाठी खाली म्हणजे वर. काहींनी विमान कधी चालवलेलं नसतं, पण ते गेममधल्या माणसाचं डोकं मागून धरल्यासारखी कल्पना करतात. डोकं मागं ओढलं की चेहरा वर होतो. तुम्ही मात्र नजर जिकडं न्यायची तिकडं स्टिक ढकलता. दोन्ही कल्पना आपापल्या जागी पूर्ण आहेत, त्यात चूक कुणाचीच नाही. हे बदलायला सांगणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हातानं जेवायला लावणं. ते बंद व्हायला हवं.

तुमच्याकडं पीएस ५ आहे असं पत्रात लिहिलंय. दोघांनी आपापली वेगळी खाती उघडा. सेटिंगमध्ये गेम प्रीसेट्स नावाचा भाग आहे. तिथं कॅमेरा उलटा की सुलटा हे प्रत्येक खात्यासाठी एकदाच ठरवून ठेवता येतं, आणि ज्या गेममध्ये ती सोय आहे ते गेम आपोआप तसेच सुरू होतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी अपघातात माझ्या उजव्या हाताच्या बोटांमधली ताकद गेली. डावा हात चांगला आहे. भाऊ आणि मी एक्सबॉक्सवर गाड्यांचे गेम खेळायचो. आता तो खेळतो, मी शेजारी बसतो. एका हातानं खेळण्यासारखं काही मिळतं का? उगाच खर्च करायचा नाही.
(सातारा)

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मिळतं. आणि पहिल्या दिवशी काही विकत घ्यावं लागणार नाही.

एक्सबॉक्सवर २०१७ मध्ये को-पायलट नावाची सोय आली, आता तिला ‘कंट्रोलर असिस्ट’ म्हणतात. दोन पॅड मिळून एकच पॅड धरला जातो, दोन्हींवरची बटणं एकाच गाडीला लागतात. एक पॅड तुमच्या डाव्या हातात द्या, वळणं आणि ब्रेक तुमचे. ॲक्सिलरेटर भावाकडं. आज रात्रीच बसा. दोघांनी मिळून एक गाडी चालवायला शिकणं हा चांगला खेळ आहे, आणि तुमच्या डाव्या हाताला किती झेपतं तेही कळेल.

पुढची पायरी, एकट्यानं खेळायची. एक्सबॉक्सच्या पॅडची बटणं बदलता येतात. स्टिक डाव्या अंगठ्यावर आणि ब्रेक डाव्या ट्रिगरवर असतोच. ॲक्सिलरेटर डाव्या बंपरवर आणा. बंपर हे ट्रिगरच्या वरचं बटण. तर्जनी बंपरवर आणि मधलं बोट ट्रिगरवर ठेवायची सवय करावी लागेल. बंपर अर्धा दाबता येत नाही, पूर्ण गती किंवा शून्य. म्हणून वळणावर टपटप दाबायचं. पॅडची उजवी बाजू मांडीवरच्या उशीवर टेकवा, म्हणजे वजन डाव्या मनगटावर येणार नाही. सेलसकट तो पॅड पावणेतीनशे ग्रॅमच्या वर जातो, एका हाताला ते जड आहे. ‘फोर्झा होरायझन ५’ तुमच्याकडं असेल तर त्यात ऑफलाइन खेळताना गेमचा वेगच कमी करता येतो. सुरुवातीला तो कमी ठेवा.

एवढं करून तुम्हाला खेळावंसं वाटत राहिलं, तरच पैसे घाला. २०१८ मध्ये एक्सबॉक्सचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आला. टेबलावर किंवा मांडीवर ठेवायची चपटी पेटी, वर तळहातानं दाबता येतील अशी दोन मोठी गोल बटणं, आणि पाठीमागं हेडफोनच्या पिनेसारखी १९ भोकं. जवळपास प्रत्येक भोक म्हणजे पॅडवरचं एकेक बटण. त्यात कुठलंही साधं बटण जोडता येतं. तुम्ही गाडीच चालवताय, तर ॲक्सिलरेटर उजव्या पायाखाली घ्या की! पायाचं बटण महागडं आणायची गरज नाही. पुश बटणाला दोन वायर आणि साडेतीन मिलिमीटरचा मोनो जॅक, एवढंच लागतं. तुमच्या गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कुणीही ते तासाभरात करून देईल. बटण जाड लाकडी फळीवर बसवून घ्या, नाहीतर पायानं सरकतं.

प्लेस्टेशनचाही असा एक गोल पॅड २०२३ च्या डिसेंबरात आला, ॲक्सेस नावाचा. टेबलावर हवा तसा फिरवून ठेवता येतो, बटणांच्या टोप्या मोठ्या-लहान बदलता येतात. एका हातासाठी तो छान आहे. पण त्यासाठी तुम्हाला कन्सोलही बदलावा लागेल, म्हणून तुम्हाला तो सुचवत नाही.

अजून एक. दुकानदार तुम्हाला ‘नेहमीचा पॅड घ्या, जमेल हळूहळू’ असं सांगेल. माझ्याकडं येणाऱ्यांनाही लोक हेच सांगत असतात, आणि माणसं दुखरा हात घेऊन महिने काढतात. पॅडनं हाताशी जुळवून घ्यायचं असतं. को-पायलट लावून खेळलात की तुमची कुठली बोटं दमतात, कुठली दमत नाहीत, पाय किती वेळ दाबून धरता येतो, हे लिहून कळवा. पायाच्या बटणाचं मोजमाप आणि जोडणीची आकृती मी तुम्हाला त्याप्रमाणे काढून पाठवते.